पहिली सायकल हे खेळणं नव्हे

"एवढा काय विचार करायचा? दोन वर्षांची तर वस्तू." लहान मुलाच्या पहिल्या सायकलीचा विषय निघाला, की कुणीतरी हे वाक्य टाकतंच. त्यामागून बाकीची वाक्यं ओळीनं येतात. चित्र आवडीचं आहे ना, मग झालं. जरा मोठीच घ्या, वाढतं अंग आहे. साइडची चाकं असतातच, पडायचा प्रश्न नाही. ब्रेकचं काय घेऊन बसलात, पार्किंगमध्येच तर फिरवणार. तेल, हवा कोण बघतंय. मोडली तर भंगारवाला आहेच. हा झाला एक पक्ष. त्याच्यासमोर दुसरा पक्ष बसलेला असतो, चार पुस्तकं वाचलेला. तो म्हणतो, कार्टूनची सायकल म्हणजे निव्वळ बाजाराचा फास. टीव्हीनं मुलांची डोकी बिघडवली. आमच्या वेळी कुठं होती असली चित्रं? आम्ही वडिलांच्या सायकलच्या नळीखालून पाय घालून शिकलो, आमचं काय वाईट झालं?

हे दोन पक्ष एकमेकांशी कितीही भांडोत, मला ते एकाच चुकीचे भागीदार वाटतात. एक चित्रावर भुललेला आहे, दुसरा चित्रावर चिडलेला आहे, आणि नजर दोघांचीही चित्रापलीकडे जात नाही. त्या चित्राखाली लोखंडी सांगाडा आहे, चेन आहे, ब्रेक आहेत, आणि त्यावर वीस किलोंच्याही आतलं एक मूल बसणार आहे. त्या मुलाच्या पायाचं माप कुणी घेतलं? त्याची बोटं ब्रेकपर्यंत पोचतात का, हे कुणी पाहिलं? छोटा भीम की स्पायडरमॅन यावर घरात दोन दिवस चर्चा होते आणि ब्रेकवर दोन मिनिटंही होत नाही, याची मला चीड येते. म्हणून या म्हणण्यांचा एकेक करून समाचार घ्यायला हवा.

पहिलं म्हणणं: ते खेळणंच आहे. नाही, ते खेळणं नाही. खेळणं हातातून निसटलं तर खेळणं मोडतं. सायकल निसटली तर मूल पडतं. युरोपीय संघाच्या नियमांत तर खेळणं आणि सायकल यांच्यामधली रेषा आकड्यानं आखलेली आहे. सीट जास्तीत जास्त वर घेतल्यावर जमिनीपासून ४३५ मिलिमीटरच्या, म्हणजे साधारण १७ इंचांच्या वर जात असेल, तर ती सायकल तिथं खेळणं धरली जात नाही. तिथून ६३५ मिलिमीटरपर्यंतच्या लहान मुलांच्या सायकलींसाठी आयएसओ ८०९८ हे वेगळं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात ब्रेक, हँडल, चेनचं झाकण, आधाराची चाकं अशा भागांच्या कसोट्या आहेत. आपल्याकडे चार-पाच वर्षांच्या मुलासाठी घेतली जाणारी १४ किंवा १६ इंची सायकल बहुधा या रेषेच्या वरच्या बाजूलाच पडते. चित्र लावलं म्हणून ती रेषेच्या खाली येत नाही.

आणि "पार्किंगमध्येच तर फिरवणार" हा कुठला दिलासा? सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांबाआडून गाड्या मागे येतात आणि गाडीच्या मागे उभं असलेलं तीन फुटी मूल चालवणाऱ्याला दिसत नाही. तळघरात उतरणारा उतार असतो. पायडल मारायचं थांबवलं तरी उतारावर सायकल थांबत नाही, उलट वेग घेते. त्या क्षणी मुलाच्या हाताशी एकच साधन असतं, ते म्हणजे ब्रेक. तो ब्रेक त्याला दाबता आला पाहिजे. म्हणून दुकानात मुलाला सीटवर बसवा आणि त्यालाच दोन्ही ब्रेक दाबायला सांगा. बोटांचं पहिलं पेर ब्रेकच्या दांडीवर नीट बसतं का? मनगट न वळवता दांडी हँडलच्या दिशेनं येते का? बऱ्याच सायकलींना दांडीजवळ बारीक स्क्रू असतो. तो फिरवला की दांडी हँडलच्या जवळ येते. दुकानदाराला हे ठाऊक असतं, पण विचारलं नाही तर तो सांगत नाही, कारण गिऱ्हाईक चित्राचे रंग पाहण्यात गुंतलेलं असतं.

स्वस्तातल्या काही छोट्या सायकलींना पुढच्या टायरवर रबर दाबणारा एकच ब्रेक असतो. टायर ओला झाला की तो घसरतो. काहींना हवेचे टायरच नसतात, घट्ट फोमचे असतात. ते पंक्चर होत नाहीत, म्हणून ते कौतुकानं विकले जातात. पण फरशीवर ते पकड धरत नाहीत आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका सरळ मुलाच्या मनगटात पोचतो. जी सायकल थांबवता येत नाही ती मुलाच्या हाती कशी द्यायची, मग तिच्यावर कुणाचंही चित्र असो?

दुसरं म्हणणं: वाढत्या अंगाची घ्या. आपल्या घराघरांत हे शहाणपण समजलं जातं, आणि यानंच सर्वांत जास्त नुकसान होतं. गणवेश वाढत्या अंगाचा घेता येतो, कारण त्याला दुमड घालता येते. सायकलला दुमड घालता येत नाही. सीट खाली घेता येते, पण ठरावीक मर्यादेपर्यंतच. मधली नळी खाली येत नाही, हँडल जवळ येत नाही, पायडलचा दांडा आखूड होत नाही. मोठ्या सायकलवर बसलेलं मूल हँडल गाठायला पुढं ओणवं होतं, पाय खाली पोचवायला एका कुशीवर कलतं, आणि थांबायची वेळ आली की उडी मारतं. त्याला भीती बसते. मग तेच मोठे लोक म्हणतात, "आमचा जरा घाबरटच आहे." मूल घाबरट नसतं, त्याच्या आवाक्याबाहेरचं वाहन त्याच्या हाती दिलेलं असतं.

वजनाचा हिशोबही करून पाहा. पाच वर्षांचं मूल साधारण १८ किलोंचं असतं. पोलादी सांगाडा, जाळी, कॅरिअर, बाहुली बसवायची मागची सीट, मडगार्ड आणि साइडची चाकं मिळून १६ इंची सायकल सहज १० किलोंच्या घरात जाते. म्हणजे स्वतःच्या निम्म्याहून जास्त वजन ते मूल ढकलतं, वळवतं आणि पडल्यावर उचलतं. ६० किलोंच्या माणसाला ३३ किलोंची सायकल दिली तर तो किती दिवस हौसेनं चालवेल? जाळी आणि कॅरिअर ही शोभा आहे. मुलाच्या पायांना तिची किंमत मोजावी लागते. शिवाय कॅरिअर दिसलं की त्यावर धाकटं भावंड बसतं आणि त्याचा पाय चाकाच्या तारांत जातो. अस्थिरोगतज्ज्ञांना ही जखम चांगलीच परिचयाची आहे. पहिल्या सायकलवर कॅरिअर नकोच. लावून आलं असेल, तर चार नट काढले की निघतं.

योग्य माप घेणं अवघडही नाही. मुलाला अनवाणी भिंतीला पाठ टेकवून उभं करा, दोन पायांमध्ये एक पुस्तक आडवं वरपर्यंत धरा आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. सीट सर्वांत खाली घेतल्यावर तिची उंची या मापाइतकी किंवा किंचित कमी असली पाहिजे. शिकताना दोन्ही तळवे जमिनीवर पुरते टेकले पाहिजेत. तोल आल्यावर सीट थोडी वर घ्या, तेव्हा चवडे टेकले तरी पुरे. मधल्या नळीवर उभं राहिल्यावर नळी आणि अंग यांत किमान दोन बोटांचं अंतर हवं. हँडल धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं हवं. १२ इंच तीन वर्षांना, १४ चाराला, १६ पाच-सहाला, २० सातनंतर, हे कोष्टक ढोबळ आहे. एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या उंचीत चार बोटांचा फरक असतो, मग त्यांची सायकल वयावरून कशी ठरणार? वाढदिवसाला अचानक भेट द्यायची म्हणून मुलाला घरी ठेवून सायकल आणणारे आईबाप मुलाला आनंदच देऊ पाहतात. पण माप पाहिल्याशिवाय आणलेल्या सायकलनं तो आनंद आठवडाभरात मावळतो. सोहळा घरी करा, पण निवडताना मूल दुकानात असलंच पाहिजे.

तिसरं म्हणणं: आम्ही नळीखालून पाय घालून शिकलो. खरं आहे, अनेक जण तसेच शिकले. वडिलांची २२ इंची काळी सायकल, सीटवर बसणं अशक्य, म्हणून एक पाय नळीखालून घालून वाकडंतिकडं हाफ पायडल मारायचं. पण ते घडलं टंचाईमुळे. घरात एकच सायकल होती आणि तीही कामावर जाण्यासाठी. जे नाइलाजानं केलं, त्याची आज शिक्षणपद्धती कशी काय होते? शिवाय ही आठवण सांगणारे सगळे शिकलेलेच असतात. जे पडून कायमचे मागे हटले ते या गप्पांत बोलायला नसतात. आणि ज्या मुलींना परकर सांभाळत नळीखालून पाय घालणं शक्यच नव्हतं, त्या तर मुळातच मोजल्या जात नाहीत. त्यांतल्या कितीतरी जणी आज आजी आहेत आणि त्यांना सायकल येत नाही. ज्या पद्धतीनं निम्मी मुलं बाहेर ठेवली, तिचा अभिमान कशासाठी?

चौथं म्हणणं चित्रावर चिडलेल्यांचं: कार्टूनची सायकल म्हणजे मुलांचे चोचले. एवढं मान्य करते, की चित्राचा परवाना घेतलेल्या सायकलची किंमत त्या चित्रामुळे वाढते आणि त्या पैशांत ब्रेक काही सुधारत नाही. यापलीकडे यांचं काही मान्य करण्यासारखं नाही. चित्रांची सायकल आजच्या टीव्हीनं जन्माला घातलेली नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या शेल्बी कंपनीनं १९४९ साली डोनाल्ड डकची सायकल काढली होती. हँडलच्या पुढं डोनाल्डचं डोकं होतं. आपल्याकडे २००८ साली पोगो वाहिनीवर छोटा भीम आला. हैदराबादेतल्या ग्रीन गोल्डनं तो बनवला. पुढं दप्तरांवर, पाण्याच्या बाटल्यांवर, सायकलींवर तो दिसू लागला. मुलांना हवीहवीशी वाटणारी आकृती त्यांच्या वस्तूवर असावी, यात नवं काय आणि वाईट काय?

चित्र मुलाच्या दृष्टीनं काय करतं, हे समजून घ्यायला हवं. पहिल्यांदा तोल सांभाळणं हे भीतीचं काम आहे. भीती वाटणारं मूल एखाद्या वस्तूकडे स्वतःहून धावत जावं, रोज संध्याकाळी ती बाहेर काढायचा हट्ट त्यानंच धरावा, यासाठी ती वस्तू त्याला आपली वाटावी लागते. चित्र हे काम करतं. साडेतीन-चार वर्षांच्या मुलाच्या आयुष्यातले सगळे निर्णय मोठे घेतात: काय खायचं, कधी झोपायचं, कुठल्या शाळेत जायचं. पहिल्या वाहनावर कुणाचं चित्र असावं एवढा एक निर्णय त्याला द्यायला आपलं मन का होत नाही? ज्यांना साधी करडी सायकल अभिरुचीची वाटते त्यांनी ती स्वतःसाठी घ्यावी. मुलाच्या सायकलवर आपली अभिरुची लादण्याचा हक्क त्यांना कुणी दिला?

आणि चित्रासाठी सायकलच्या दर्जाशी तडजोड करण्याचीही गरज नाही. गाड्यांच्या नंबरप्लेट आणि रेडियमची अक्षरं कापून देणारं दुकान आज तालुक्याच्या गावीही सापडतं. बरोबर मापाची, चांगल्या ब्रेकची, कमी वजनाची साधी सायकल घ्या आणि मुलाला त्या दुकानात घेऊन जा. त्याला हवा तो वाघ, हवं ते रॉकेट, त्यानं स्वतः कागदावर काढलेला राक्षससुद्धा चिकटवून मिळेल. दोन वर्षांनी आवड बदलली की जुनं स्टिकर केस वाळवायच्या यंत्रानं जरा गरम करा, कोपऱ्यातून अलगद सोला आणि नवं लावा. चित्र बदलता येतं. चुकीचं माप, जड सांगाडा, न दबणारा ब्रेक बदलता येत नाही. जे बदलता येत नाही ते आधी पाहायचं, हा साधा क्रम दोन्ही पक्षांनी उलटा केला आहे.

याच ठिकाणी आणखी एका सवयीवर बोललंच पाहिजे. दुकानात शिरल्याबरोबर विचारतात, "मुलासाठी की मुलीसाठी?" मुलगी म्हटलं की गुलाबी, बाहुली, जाळी आणि हँडलला लोंबणाऱ्या झिरमिळ्या. मुलगा म्हटलं की निळी-लाल, कोळ्याच्या जाळ्याची, मधली नळी उंच. मुलीला स्पायडरमॅन हवा असेल तर? मुलाला गुलाबी आवडत असेल तर? पाच वर्षांच्या मुलाच्या आणि मुलीच्या पायांत असा कुठला फरक असतो, की नळीची उंची वेगळी हवी? खाली वळलेल्या नळीची, जी "मुलींची" म्हणून विकली जाते, ती चढाय-उतरायला प्रत्येक लहान मुलाला सोयीची आहे. आखूड पायांच्या मुलग्याला केवळ लोक हसतील म्हणून ती नाकारायची, हा त्याच्यावरही अन्याय आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेसोबत हजारो बायका सायकल शिकल्या, तेव्हा त्यांतल्या अनेक जणींना फिरण्याची मोकळीक मोठेपणी मिळाली. आज आपल्याकडे मुलींना शाळेला जाण्यासाठी सरकारी योजनांतून सायकली मिळतात. त्या हाती येतील त्या दिवशी मुलीला तोल सांभाळता यावा, याची तयारी चौथ्या-पाचव्या वर्षीच व्हायला हवी. तेव्हा तिची सायकल बाहुली फिरवण्यासाठी आहे असं गृहीत धरू नका.

पाचवं म्हणणं: साइडची चाकं लावली की चिंता मिटली. ही चाकं पडू देत नाहीत, हे अर्धंच खरं. वळताना सायकल आतल्या बाजूला झुकावी लागते. साइडची चाकं तिला झुकूच देत नाहीत. मूल मग शरीर बाहेरच्या बाजूला टाकतं आणि नेमकी उलटी सवय लागते. वेगात वळलं तर सायकल बाहेरच्या बाजूला कलंडते. खळग्यावरून जाताना आणखी वाईट होतं: दोन्ही बाजूंची छोटी चाकं उंचवट्यावर टेकतात, मधलं मागचं चाक अधांतरी राहतं. पायडल मारलं तर ते नुसतंच फिरतं आणि मागचा ब्रेक दाबला तरी काही थांबत नाही. सुरक्षेसाठी लावलेली वस्तू ब्रेकच निकामी करते, हे किती जणांना माहीत आहे?

दुचाकीचा इतिहासच इथं उत्तर देतो. जर्मनीत मानहाइमला कार्ल ड्राइसनं १८१७ साली आपलं दोन चाकी यंत्र चालवून दाखवलं, तेव्हा त्याला पायडल नव्हतंच. माणूस जमिनीवर पाय मारत पुढं जायचा आणि तोल सांभाळायचा. पायडल आलं त्यानंतर चार दशकं उलटून गेल्यावर, १८६०च्या दशकात. आधी तोल, मग पायडल, हा क्रम मुलालाही लागू पडतो. साइडची चाकं काढा, दोन्ही पायडलही काढा आणि सीट इतकी खाली घ्या, की तळवे पुरते टेकतील. आता मुलाला सपाट, मोकळ्या जागेत पायांनी ढकलत जाऊ द्या. आधी चालेल, मग धावेल, मग दोन्ही पाय उचलून काही अंतर घरंगळत जाईल. ते घरंगळणं लांबलं, की पायडल लावा. मागून सीट धरून धावत सुटलेला बाप आणि "सोडू नका" असं ओरडणारं मूल हे दृश्य कितीही लाडकं असलं, तरी त्यात तोल बापाच्या हातात असतो. तोल मुलाच्या हातात द्यायचा असेल, तर त्याचे पाय जमिनीला पोचले पाहिजेत. म्हणून योग्य मापाचा मुद्दा पुन्हा इथंही येतो.

सहावं म्हणणं: देखभाल कसली करायची, लहान मुलाची सायकल. मला सर्वांत जास्त संताप या म्हणण्याचा येतो. स्वतःच्या स्कूटरचा ब्रेक जरा सैल वाटला तर माणूस त्याच दिवशी गॅरेज गाठतो आणि मुलाच्या सायकलच्या ब्रेकची रबरं झिजून रिमवर लोखंड घासत असतं तरी कुणाला पत्ता नसतो. मूल तक्रार करत नाही, कारण सायकल कशी चालायला हवी हे त्याला माहीतच नसतं. जड चालते म्हणजे आपल्यालाच जमत नाही, असं ते समजतं. त्याच्या वतीनं पाहण्याचं काम मोठ्यांचं नाही, तर कुणाचं?

सुरुवात जोडणीपासून होते. ऑनलाइन मागवलेली सायकल खोक्यात अर्धवट जोडलेली येते. घाईत पुढचा चिमटा उलटा बसवला जातो आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही. चिमट्याचे पाय खाली पुढच्या दिशेला वळलेले दिसले पाहिजेत. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते उजव्यासारखं फिरवून जबरदस्तीनं घट्ट केलं, तर आटे कायमचे जातात आणि पायडल चालता चालता निखळतं. सीटच्या आणि हँडलच्या नळीवर कमीत कमी किती आत असावं याची खूण कोरलेली असते. ती खूण बाहेर दिसेल इतकी नळी कधीही वर घ्यायची नाही. हे जमत नसेल तर कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला त्याची मजुरी द्या आणि त्याच्याकडून जोडून घ्या.

त्यानंतरचं काम आठवड्याला दहा मिनिटांचं आहे. हवा अंगठ्यानं दाबून पाहा. टायरच्या बाजूवर दाब छापलेला असतो, तेवढीच भरा आणि शक्यतो हातपंपानं भरा, कारण पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं छोटी ट्यूब क्षणात फुगून फुटते. चेन मधोमध वरखाली अर्धा इंच हलली पाहिजे. त्याहून सैल असेल तर ती उतरते, ताठ असेल तर सायकल जड जाते. चेनला शिलाई मशीनचं तेल थेंब थेंब सोडा आणि वरचं कापडानं पुसून घ्या. खोबरेल किंवा गोडेतेल घालू नका, त्याचा धुळीबरोबर चिकटा बनतो. तेलाचा हात रिमला किंवा ब्रेकच्या रबरांना लागू देऊ नका. रॉकेलनं चेन धुणार असाल, तर ते स्टिकरपासून लांब ठेवा, नाहीतर गोंद सुटून चित्र सोलून निघेल आणि मूल रडेल. त्याचं रडणं खरं असतं, ते हसण्यावारी नेऊ नका. हँडलच्या दोन्ही टोकांची रबरं शाबूत आहेत का पाहा. रबर फाटून उघडी पडलेली नळी पडताना पोटात घुसली, तर बाहेर खरचटल्यासारखं दिसतं आणि आत यकृताला किंवा प्लीहेला इजा झालेली असते. लहान मुलांच्या शल्यचिकित्सकांनी वर्षानुवर्षं नोंदलेली ही जखम आहे. ते रबर बदलायला फारसा खर्च येत नाही.

हवामानाकडेही लक्ष हवं. कोकणात आणि गोव्यात चार महिन्यांचा पाऊस आणि खारी हवा मिळून चेन आणि नट एका मोसमात तांबूस करून टाकतात. तिथं सायकल अंगणात सोडून चालत नाही. ओली झाली की पुसायची, तेल द्यायचं, पडवीत घ्यायची. विदर्भातल्या उन्हात उलटी तऱ्हा. गच्चीवर ठेवलेल्या सायकलचे टायर तडकतात, मुठी चिकट होतात आणि चित्र पांढरं पडतं. सावली एवढाच त्यावर उपाय आहे. ही कामं मुलाला बरोबर घेऊन करा. आपल्या आवडत्या चित्रावरची धूळ पुसायला चार वर्षांचं मूल आनंदानं बसतं आणि पुसता पुसता सैल झालेला नट कधीकधी त्यालाच आधी दिसतो. वस्तू वापरणं आणि सांभाळणं ही एकच गोष्ट आहे, हे त्या वयात कळलं तर आयुष्यभर पुरतं.

राहिलं शेवटचं म्हणणं: दोन वर्षांची तर वस्तू. त्या मुलासाठी दोन वर्षांची असेलही. पण बरोबर मापाची, सांभाळलेली सायकल दोन वर्षांनी भंगारात जात नाही. ती धाकट्या बहिणीकडे जाते, मावशीच्या मुलाकडे जाते, शेजारी विकली जाते. म्हणजे वाढत्या मापाची घेऊन जे पैसे वाचवायचे होते, ते नेमकं योग्य माप आणि देखभाल यांनीच वाचतात. वापरलेली सायकल वाढदिवसाला कशी द्यायची, असं ज्यांना वाटतं त्यांनी नवी रबरं, नवी वायर आणि मुलाच्या पसंतीचं नवं चित्र लावून ती देऊन पाहावी. मुलाला ती नवीच वाटेल, कारण त्याच्यासाठी ती पहिलीच असते.

आणि दोन वर्षं ही थोडी असतात, हे कुणी ठरवलं? चार ते सहा या वयात मूल तोल शिकतं, अंतर ओळखायला शिकतं, घाबरून थांबायचं की ब्रेक दाबून थांबायचं हे शिकतं. घरातल्या माणसांचा हात सुटून आपल्या बळावर पुढं जाण्याचा पहिला अनुभव त्याला याच वाहनावर येतो. ज्या वस्तूवर हे सगळं घडतं तिच्याबद्दल "चालतंय की" म्हणणं म्हणजे त्या मुलाच्या शरीराबद्दल आणि धीराबद्दल "चालतंय की" म्हणणं आहे. ते चालत नाही.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. चित्राचा हक्क मुलाचा आहे. तो पूर्ण द्या, मुलगा-मुलगी न बघता द्या, नाक न मुरडता द्या. बाकीचं सगळं कर्तव्य मोठ्यांचं आहे: माप, वजन, ब्रेक, जोडणी, हवा, तेल, पायात बूट आणि डोक्याला नीट बसणारं हेल्मेट. चित्र दाखवून या कर्तव्यातून सुटका करून घेता येत नाही आणि चित्राला नावं ठेवूनही ते पार पडत नाही. दुकानात पैसे मोजण्यापूर्वी तीन गोष्टी पाहा: पाय जमिनीला टेकतात का, हात ब्रेकला पोचतो का, पडलेली सायकल मूल स्वतः उचलू शकतं का. तिन्हींचं उत्तर हो असेल तरच सायकल घ्या. एकाचंही उत्तर नाही असेल तर मुलानं कितीही हट्ट केला तरी दुसरी पाहा. घरातल्या सर्वांत लहान माणसाचं वाहन सर्वांत काळजीपूर्वक निवडलं आणि सांभाळलं गेलं पाहिजे, कारण त्यातला दोष ओळखण्याचं आणि त्याबद्दल बोलण्याचं वय त्याचं अजून झालेलं नाही.